९९९ वर्षांचं लीज, २००० वर्षांचं लीज आणि ‘कायमचं’ लीज

प्रश्न असा आहे: इंग्लिश कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेल्या इंग्लिश कायद्यात, कायमस्वरूपी लीज (भाडेपट्टा) करता येतं का? येत नसेल तर ९९९ वर्षांची लीज कशी दिसतात? आणि असं लीज घेतलेला माणूस मालकच समजायचा का?

आधी थेट उत्तर. ज्याला अंतच नाही असं लीज इंग्लिश कायद्याला मान्य नाही, पण अंत किती लांबवर असावा याला मर्यादा नाही. म्हणून ९९९, ३०००, अगदी ९००० वर्षांचीही लीज होतात. असा पट्टेदार मालकाच्या किती जवळ आहे, ते भुईभाड्याचं (जमीनमालकाला दर वर्षी द्यायच्या भाड्याचं) कलम आणि ताबा परत घेण्याचं कलम वाचल्यावरच कळतं. पहिल्या पानावरचा मोठा आकडा पाहून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच अडकतात, म्हणून पुढचं सगळं जरा सविस्तर.

कॉमन लॉ जमिनीवरचा हक्क काळाच्या मापाने मोजतो. जमीन तीच, पण ती तुमच्याकडे किती काळ आहे यावर हक्काचं नाव ठरतं. इंग्लंड-वेल्समध्ये लॉ ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट १९२५ च्या पहिल्याच कलमाने जमिनीतले पूर्ण कायदेशीर हक्क दोनच ठेवले: मुदत नसलेलं फ्रीहोल्ड, म्हणजे मालकी, आणि ठरावीक मुदतीचं लीजहोल्ड. लीज देणाऱ्याच्या हातात काहीतरी उरावं लागतं. मुदत संपली की जमीन त्याच्याकडे परत यायची, या हक्काला रिव्हर्शन म्हणतात. मुदत कधीच संपणार नसेल तर परत यायला काही उरत नाही, आणि मग ते लीज राहतच नाही.

याच्याच पोटात दुसरा नियम आहे. मुदतीचा शेवट, निदान तिची कमाल मर्यादा, लीज सुरू होतानाच ठरलेली हवी. १९४४ च्या लेस विरुद्ध चँटलर खटल्यात ‘युद्ध चालू असेपर्यंत’ दिलेलं लीज याच कारणाने निरर्थक ठरलं. त्या वेळी अशी असंख्य लीज देशभर झालेली होती, त्यामुळे संसदेला त्याच वर्षी वेगळा कायदा करून ती १० वर्षांची धरावी लागली आणि युद्ध संपल्यावर ती नोटिशीने संपवता येतील अशी सोय करावी लागली. तरीही मूळ नियम हलला नाही. १९९२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) प्रुडेन्शियल अ‍ॅश्युरन्सचं प्रकरण आलं. लंडनमधल्या वॉलवर्थ रोडच्या कडेची एक पट्टी १९३० साली वर्षाला ३० पौंडांवर दिलेली होती, मुदत ‘रस्ता रुंदीकरणासाठी जागा लागेपर्यंत’. रस्ता काही रुंद झाला नाही. खटल्याच्या वेळी त्या पट्टीचं बाजारभाडं वर्षाला १०,००० पौंडांच्या वर गेलेलं होतं. न्यायालयाने मुदत अनिश्चित म्हणून लीज बाद ठरवलं. ताबा होता आणि भाडं वर्षावर दिलं जात होतं, एवढ्यावर वार्षिक भाडेकरार मानला, म्हणजे सहा महिन्यांच्या नोटिशीने संपणारा. न्यायाधीशांना स्वतःलाही हा निकाल समाधानकारक वाटला नव्हता, पण नियम तोच राहिला.

व्यक्तीच्या बाबतीत एक पळवाट २०११ च्या बेरिसफर्ड निकालाने उघडी केली. मुदत अनिश्चित असेल तर जुना कॉमन लॉ ते हयातीपर्यंतचं लीज मानत असे, आणि १९२५ च्या कायद्याचं कलम १४९(६) हयातीच्या लीजचं रूपांतर, मृत्यूनंतर नोटिशीने संपवता येईल अशा ९० वर्षांच्या लीजमध्ये करतं. कंपनीला मात्र हयात नसते, त्यामुळे कंपनी पट्टेदार असेल तर हा आधार मिळत नाही. व्यावसायिक दस्तात ‘गरज असेपर्यंत’, ‘प्रकल्प चालू असेपर्यंत’ असे शब्द आजही सापडतात. त्यावर उपाय साधा आहे: ९९९ वर्षं लिहा आणि अमुक घटना घडल्यास लीज आधी संपवता येईल असं वेगळं कलम घाला. कमाल मर्यादा ठरली की नियम पाळला गेला.

एवढे लांबलचक आकडे आले कुठून? जुन्या इंग्लिश कायद्यात लीज ही स्थावर मालमत्ताच नव्हती. ती जंगम मालमत्तेच्या वर्गात धरली जाई, आणि वारसाहक्कात, सरंजामी देण्यांत, जमीन तारण ठेवताना या वर्गाचे नियम सोयीचे पडत. म्हणून ५०० किंवा १००० वर्षांची लीज मुलींच्या हुंड्याची आणि धाकट्या मुलांच्या वाट्याची तरतूद करण्यासाठी, कर्ज काढण्यासाठी सर्रास वापरली जात. १९२५ च्या कायद्याने तर फ्रीहोल्ड लीज-पद्धतीने, म्हणजे सावकाराला लांब मुदतीचं लीज देऊन, गहाण ठेवायचं असेल तर मुदत ३००० वर्षं धरली. नोंदणीकृत जमिनीसाठी ही पद्धत २००२ च्या जमीन-नोंदणी कायद्यानंतर बंद झाली. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण डब्लिनचं: आर्थर गिनेसने ३१ डिसेंबर १७५९ रोजी सेंट जेम्सेस गेटची बिअरची भट्टी वर्षाला ४५ पौंडांवर ९००० वर्षांसाठी घेतली. पुढे कंपनीने ती जागा विकतच घेतली. म्हणजे इतक्या लांब मुदतीचं आणि इतक्या कमी भाड्याचं लीज हातात असूनही मालकी घेणं सोयीचं वाटलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आजच्या इंग्लंडमध्ये फ्लॅट लीजवर का विकतात, त्याचं कारण वेगळं. ‘छपराच्या दुरुस्तीचा वाटा द्या’ यासारखं पैसे किंवा काम मागणारं बंधन फ्रीहोल्डच्या पुढच्या खरेदीदाराला चिकटत नाही. १८८५ चा ऑस्टरबेरी निकाल आणि १९९४ चा रोन विरुद्ध स्टीफन्स, दोन्ही हेच सांगतात. लीजमध्ये मात्र ते पुढच्या प्रत्येक पट्टेदाराला लागू होतं. एकावर एक घरं असतील तर ही बंधनं नसल्यास इमारत उभीच राहणार नाही, म्हणून ९९ किंवा ९९९ वर्षांची लीज.

आता ज्याला लोक ‘कायमचं लीज’ म्हणतात त्याकडे येऊ. इथे खरी गंमत शब्दांची आहे. मुदत छोटी, पण पट्टेदाराने मागितलं की नूतनीकरण, आणि नव्या लीजमध्येही तीच अट, म्हणजे साखळी कधीच तुटत नाही. लॉ ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट १९२२ चं कलम १४५ आणि त्याची १५ वी अनुसूची सांगते की अशा लीजचं आपोआप २००० वर्षांच्या लीजमध्ये रूपांतर होतं. पट्टेदाराला ते, ज्या ज्या तारखेला मूळ करारानुसार नूतनीकरण आलं असतं त्या तारखेच्या निदान १० दिवस आधी लेखी नोटीस देऊन सोडता येतं. जमीनमालकाला असा हक्क नाही.

हे चुकून कसं घडतं ते पाहा. मसुदा करणारा लिहितो: ‘पट्टेदाराने मागणी केल्यास मालक आणखी पाच वर्षांसाठी याच भाड्याने आणि याच अटींवर नवीन लीज देईल.’ इथपर्यंत ठीक. न्यायालयं शक्यतो याचा अर्थ एकच नूतनीकरण असा लावतात, म्हणजे ‘याच अटी’मध्ये नूतनीकरणाची अट धरत नाहीत. पण सावधपणा म्हणून त्याने कंसात ‘या नूतनीकरणाच्या अटीसह’ एवढे तीन शब्द घातले की संपलं. १९५० चा पार्कस विरुद्ध ग्रीनवुड आणि १९७२ चा केअरफिली काँक्रीट, दोन्हींमध्ये याच अर्थाचे शब्द होते. थोड्याच वर्षांसाठी जागा दिली असं समजणाऱ्या मालकाच्या गळ्यात २००० वर्षांचं लीज पडलं, आणि ‘याच भाड्याने’ असं लिहिलेलं असल्यामुळे भाडंही गोठलं. न्यायाधीश या परिणामाबद्दल नाराजी व्यक्त करतात, पण शब्द स्पष्ट असले तर त्यांचा इलाज चालत नाही. म्हणून नूतनीकरणाच्या कलमात नेहमी ‘हे कलम वगळून’ असं स्पष्ट लिहावं, किंवा किती वेळा आणि एकूण किती वर्षांपर्यंत, तो आकडा घालावा.

भारताचा कायदा इथे वेगळी वाट धरतो, आणि मराठी वाचकांचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १०५ लीजची व्याख्या करतानाच ‘ठरावीक काळासाठी किंवा कायमचं’ असं म्हणतं. म्हणजे भारतात कायम पट्टा कायद्यानेच शक्य आहे, त्यासाठी ९९९ चा आकडा लिहायची गरज नाही. पण न्यायालयं कायमपणा सहज मानत नाहीत. तसा हेतू दस्तातून स्पष्ट दिसावा लागतो. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध लालजी टंडन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: ५० वर्षांच्या लीजला आणखी ५० वर्षांचं नूतनीकरण मिळालं, म्हणून त्या पुढच्या लीजलाही पुन्हा नूतनीकरणाचा हक्क आपोआप येत नाही. तेव्हा इंग्लिश पुस्तकातला ‘कायम लीज अवैध’ हा नियम भारतातल्या दस्ताला जसाच्या तसा लावू नका, आणि भारतातला ‘कायम’ शब्द लंडनच्या दस्तात लिहू नका.

आता पैशांचं. मुदतीला किंमत किती, याचा अंदाज एका गणिताने येतो. फ्रीहोल्डची आजची किंमत १० लाख पौंड धरा आणि वर्षाला ५ टक्के दराने मागे मोजत या. जमीन ९९९ वर्षांनी परत मिळणार असेल तर त्या हक्काची आजची किंमत शून्यच. ९९ वर्षांनी मिळणार असेल तर सुमारे ८,००० पौंड. ८० वर्षांनी, सुमारे २०,०००. ५० वर्षांनी, सुमारे ८७,०००. ३० वर्षांनी, सुमारे २,३१,०००. म्हणजे ९९ आणि ९९९ यांच्यात पहिल्या दिवशी फारसा फरक दिसत नाही, पण ९९ चं लीज ४०-५० वर्षांनी झपाट्याने उतरू लागतं. मालकाच्या बाजूला जे वाढतं ते पट्टेदाराच्या खिशातून जातं, आणि मुदत थोडी उरली की बँकाही कर्ज द्यायला मागेपुढे पाहतात.

फ्लॅटची मुदत वाढवण्याचा हक्क इंग्लंड-वेल्समध्ये १९९३ च्या कायद्याने दिला: उरलेल्या मुदतीवर ९० वर्षं, भुईभाडं शून्य. या हिशेबात ८० वर्षं हा उंबरठा आहे. उरलेली मुदत त्याखाली गेली की मुदतवाढीमुळे वाढणाऱ्या किमतीतला अर्धा वाटाही मालकाला द्यावा लागतो, म्हणून ८१-८२ वर्षं उरलेली असतानाच अर्ज करणं शहाणपणाचं. २०२४ च्या नव्या कायद्यात ९० ऐवजी ९९० वर्षं आणि हा वाटा काढून टाकणं, दोन्ही आहेत, पण त्या कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने अंमलात येतात. दोन वर्षं मालकी असल्याशिवाय अर्ज नाही, ही अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. अर्ज करण्याच्या दिवशी नेमकं कोणतं कलम लागू आहे हे तपासल्याशिवाय नोटीस काढू नये.

भुईभाड्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ९९९ वर्षांचं लीजसुद्धा यामुळे विकता न येण्याजोगं होतं. वर्षाला २५० पौंड, दर १० वर्षांनी दुप्पट. वाचताना किरकोळ वाटतं. ५० वर्षांनी ते ८,००० होतं आणि १०० वर्षांनी २,५६,०००. लीजला अजून ८९९ वर्षं बाकी असतात! अशा अटी असलेली घरं विकत घ्यायला कोणी पुढे येत नाही आणि बँका तारण धरत नाहीत. ३० जून २०२२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक नव्या निवासी दीर्घ लीजवर मिरीच्या एका दाण्यापलीकडे भुईभाडं घेता येत नाही. मिरीचा दाणा हा जुना इंग्लिश संकेत आहे: नावापुरता मोबदला, कोणी मागतही नाही. पण त्या तारखेआधीची लीज तशीच राहिली, आणि तिथे वाढीचं कलम शब्द न् शब्द वाचावं लागतं. ठरावीक रकमेची वाढ, महागाई निर्देशांकाशी जोडलेली वाढ आणि दुपटीची वाढ, तिन्हींचे परिणाम फार वेगळे.

दुसरं धोक्याचं कलम ताबा परत घेण्याचं. अट मोडली तर मालक लीज संपवू शकतो, मग वर्षं कितीही उरलेली असोत. भाड्याची थकबाकी सोडून इतर अटभंगात १९२५ च्या कायद्याचं कलम १४६ मालकाला आधी नोटीस द्यायला लावतं आणि न्यायालयाला पट्टेदाराला वाचवण्याचा अधिकार देतं. निवासी दीर्घ लीजला २००२ च्याच लीजहोल्ड-सुधारणा कायद्याचं आणखी संरक्षण आहे: थकबाकी ३५० पौंडांपर्यंत आणि तीन वर्षांच्या आतली असेल तर तेवढ्यासाठी लीज काढून घेता येत नाही, आणि इतर अटभंग आधी न्यायाधिकरणासमोर सिद्ध झालेला किंवा पट्टेदाराने कबूल केलेला असावा लागतो. व्यावसायिक लीजला हे जादा संरक्षण नाही. पट्टेदार दिवाळखोर झाल्यास लीज संपेल, असं कलम दिसलं तर कर्ज देणारी बँक ते बदलून मागेल, हे धरूनच चाला.

आता उलट बाजू. जुनं आणि भाडं नसलेलं लीज हातात असेल तर ते चक्क फ्रीहोल्डमध्ये बदलता येतं, मालकाला न विचारता आणि एक पैसाही न देता. हे १९२५ च्या कायद्याचं कलम १५३. अटी कडक आहेत: मूळ मुदत निदान ३०० वर्षं, त्यातली निदान २०० उरलेली, पैशांत मोजता येईल असं भाडं नाही, आणि अट मोडल्यास ताबा परत घेण्याचा मालकाचा हक्क नाही. भाडं वर्षाला एक पौंडापर्यंतच असेल आणि सलग २० वर्षं घेतलं-दिलं गेलं नसेल तर ते बंद झालं असं धरलं जातं. दावे अनेकदा ताबा परत घेण्याच्या अटीवर अडतात, कारण मसुदा करणारे ताबा परत घेण्याचं कलम सवयीने घालतातच. अटी पुऱ्या होत असतील तर एक रूपांतर-दस्त करायचा, मूळ लीज आणि मालकीच्या साखळीची कागदपत्रं जोडायची आणि लँड रजिस्ट्रीकडे (जमीन-नोंदणी कार्यालयाकडे) नोंदीसाठी द्यायचा. लीजमधली बंधनं मात्र नव्या फ्रीहोल्डवरही तशीच राहतात, ती गळून पडत नाहीत.

आणखी एक बारीक चूक, फार महाग पडणारी. ९९९ वर्षांच्या लीजमधून पोटपट्टा (पट्टेदाराने पुढे दुसऱ्याला दिलेलं लीज) द्यायचा तर तो मूळ मुदतीपेक्षा काही दिवसांनी तरी कमी हवा. तेवढीच किंवा जास्त मुदत लिहिली तर कायदा त्याला पोटपट्टा न मानता संपूर्ण लीजचं हस्तांतर मानतो, आणि देणाऱ्याच्या हातात भाडं वसूल करण्याचा लीजचा धागा उरत नाही. म्हणून दस्तांत ‘९९९ वर्षांतून तीन दिवस वजा’ असे शब्द दिसतात. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधली लीज याच धर्तीची होती: ब्रिटनकडेच तो भाग १ जुलै १८९८ पासून ९९ वर्षांसाठी होता, त्यामुळे लोकांना दिलेली लीज त्याच्या तीन दिवस आधी संपत होती.

बाकीच्या कॉमन लॉ प्रदेशांत हाच पेच वेगवेगळ्या पद्धतीने सोडवलेला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १०० वर्षं किंवा जास्त मुदतीचं लीज, ५० वर्षं बाकी असेपर्यंत, फ्रीहोल्डच समजतात. कॅलिफोर्नियात शहरी भूखंडाचं लीज ९९ वर्षांपलीकडे आणि शेतजमिनीचं ५१ वर्षांपलीकडे चालत नाही. मेरीलँडमध्ये, विशेषतः बाल्टिमोरमध्ये, ९९ वर्षांची आणि कायम नूतनीकरणाची भुईभाडी आहेत. ती एकरकमी देऊन सोडवता येतात: १८८८ ते १९८२ मधल्या लीजला ६ टक्क्यांचा दर, म्हणजे वर्षाला ९० डॉलर भाडं असेल तर १,५०० डॉलर. आयर्लंडमध्ये तीन नावं घालून केलेली हयातीची लीज असत. एक माणूस गेला की ठरलेली रक्कम भरून नवं नाव घालायचं, आणि हे कायम चालायचं. १८४९ च्या कायद्याने ती कायम भाड्याच्या फ्रीहोल्डमध्ये वळवण्याची वाट दिली. न्यूझीलंडने १८९२ मध्ये ९९९ वर्षांचं सरकारी लीज ठरलेल्या भाड्याने सुरू केलं आणि १९०७ मध्ये नवी देणं थांबवलं. त्याच देशात ग्लासगो लीज नावाचा प्रकार आहे: नूतनीकरण कायमचं, पण भाडं ठरावीक वर्षांनी, बहुधा २१, जमिनीच्या बाजारभावावर नव्याने ठरतं. जमिनीचे भाव चढले की पट्टेदाराला भाडं झेपत नाही, आणि लीज सोडायचं तर वर बांधलेल्या इमारतीवरही पाणी सोडावं लागतं.

असा दस्त हातात आला तर वाचण्याचा क्रम हा ठेवावा. आधी मुदत कोणत्या तारखेपासून मोजली आहे ते पाहा. दस्ताची तारीख आणि मुदतीची सुरुवात अनेकदा वेगळी असते, आणि ‘९९९ वर्षं’ १८६० पासून मोजलेली असू शकतात. सुरुवात दस्ताच्या तारखेनंतर २१ वर्षांपेक्षा लांब ठेवली असेल आणि भाडं किंवा एकरकमी मोबदला घेतलेला असेल तर इंग्लंडमध्ये ते लीज रद्दच. मग भाडं आणि वाढ, मग ताबा परत घेण्याचं कलम, मग नूतनीकरणाचं कलम, विशेषतः कंसातले शब्द. त्यानंतर वापराची, बदलांची, विम्याची बंधनं. शंभर वर्षांपूर्वीच्या दस्तात ज्या विमा कंपनीचं नाव आहे ती आज अस्तित्वात नसते, आणि अट मात्र जिवंत असते. शेवटी नोंदणी: इंग्लंड-वेल्समध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं लीज दस्तानेच करावं लागतं, आणि सात वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं लँड रजिस्ट्रीत नोंदावंही लागतं. जमीन पहिल्यांदाच नोंदवली जात असेल तर त्यासाठी दोन महिने मिळतात. ती मुदत चुकली तर तुमच्याकडे पूर्ण कायदेशीर हक्क न राहता फक्त न्यायबुद्धीवर आधारलेला कमजोर हक्क उरतो. म्हणून दस्त पूर्ण झाला की नोंदणीचा अर्ज त्याच आठवड्यात लावावा.